रिलेवरची तार

मन्मथअप्पांनी मोटर माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा ती अजून गरम होती. जळक्या वार्निशचा वास दुकानभर झाला. अप्पांचा दिंद्रुडात लेथ होता, लोखंड कातायचं यंत्र, जुना पण दणकट, आणि ही त्याची तीन एचपीची मोटर. मी रिवाइंडिंगवाला. म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरून देणारा. दुकान टाकून सहा-सात महिने झाले होते.

"गेनूनं घालवली," अप्पा म्हणाले. "लई खोल काप घेतो. किती बार सांगितलं, ऐकतच न्हाई."

गेनूमिस्त्री त्यांचा टर्नर. वीस वर्षं त्याच लेथवर उभा. दसरा तोंडावर होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी गाड्यांचे आस कातून घ्यायला अप्पांकडे रांग लागायची. नेमकी तेव्हाच मोटर गेली.

अप्पा घरी गेल्यावर मी झाकण उघडलं. थ्री-फेज मोटरीत कॉइलींचे तीन गट असतात, प्रत्येक फेजचा एक. लोड जास्त झाला तर तिन्ही सारखे काळे पडतात. इथं दोन गटांचा कोळसा झाला होता आणि तिसरा पिवळाधमक, जसा भरला तसा. याला सिंगल फेजिंग म्हणतात. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, एखादा फ्यूज उडतो, एक फेज जाते, आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत चालत राहते. लोडवर असली तर बघता बघता जळते. यात मिस्त्रीचा काडीचाही दोष नव्हता.

दोष कुणाचा, तेही मला माहीत होतं. अशा वेळी मोटर बंद पाडायला स्टार्टरमध्ये रिले असतो. करंट वाढला की तो ट्रिप होतो. पण पेपरात परदेशी कारच्या जाहिराती येत होत्या त्या वर्षांत आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडायचं, की रिले घडीघडी ट्रिप व्हायचा. आठ दिवसांपूर्वी अप्पांनी मला त्यासाठीच बोलावलं होतं.

"ते लफडं काढून टाक," ते म्हणाले. "काम व्हऊ दे."

मी दोन इंच तार टाकून रिले बायपास केला. रिले जागेवर, पण मुका.

मिस्त्री शेजारीच उभा होता. "नगं करू बे हे. मोटर जाईल."

"मिस्त्री, तुमी लेथ सांभाळा. करंटचं मला कळतंय."

आयटीआय करून आलो होतो ना मी.

मोटर उघडली त्याच संध्याकाळी अप्पा पुन्हा आले. "लोडनंच जळली ना?"

तारेचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. खरं बोललो असतो तर नवा वाइंडर मोटरी जाळतो, असं आठवडी बाजारापर्यंत गेलं असतं. मी घाबरलो.

"लोडनं बी जळते," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. लोडनं मोटर जळतेच. फक्त ही जळली नव्हती.

आमच्या धंद्यात जळालेलं वाइंडिंग गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय तोडत नाहीत. मी ते अप्पा गेल्या गेल्या छिन्नीनं तोडलं.

सकाळी गेनूमिस्त्री आला. बसला नाही.

"अप्पा म्हणतेत, मी जाळली. येऊ नको म्हणले उद्यापून. आवाज बदलल्याबरोबर मी बंदचं बटन दाबलं व्हतं रे, पर तवर धूर निघाला व्हता. त्या कॉइली दे मला. दोन जळाल्या असतील अन् एक चांगली. अप्पाच्या म्होरं नेऊन ठिवतो."

मोटर न उघडता त्याला कळलं होतं.

"तोडल्या, मिस्त्री."

"तोडल्या? कावून?"

"घाई हाय ना. सीझनचं काम."

तो रिकाम्या बॉडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. मग तू सांग. तू तर बघितल्यात."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोटर बसवली. तार गुपचूप काढली, रिले जोडला, वर सिंगल फेज प्रिव्हेंटरही लावला. एक फेज गेली की तो मोटर लगेच बंद करतो. अप्पांनी काही विचारलं नाही. लेथवर त्यांचा पुतण्या उभा होता. पहिल्याच दिवशी त्यानं दोन आस वाया घालवले. अप्पा त्याला एक शब्द बोलले नाहीत.

मिस्त्री माजलगावला एका वर्कशॉपात लागला. मोटर जाळणारा म्हणून नाव आधीच पोचलं होतं, त्यामुळे त्याला लेथ दिला नाही. ग्राइंडरवर बसवला, त्याच्या निम्म्या वयाच्या टर्नरच्या हाताखाली. पुढं एकदा एसटी स्टँडवर भेटला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं विचारलं, "धंदा कसा हाय?" मी म्हणालो, "चांगला हाय."

खरंच चांगला होता. ती मोटर पुढं कधी जळली नाही, आणि अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं नाव सांगायचे.

रिले बायपास करू नये, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. मला ते समजायला गेनूमिस्त्रीचा लेथ जावा लागला.