आपाची बोली

सौदी अरेबियातल्या कतीफमध्ये मी मुलांच्या मानसोपचाराची नर्स होते. दवाखान्यात न येणाऱ्या मुलांना घरी जाऊन भेटायचं, आईवडिलांशी बोलायचं, औषधाची गरज वाटली तर डॉक्टरांना सांगायचं, असं काम. त्या सहा वर्षांच्या मुलीकडे मी अशीच गेले. ती अचानक बोलायची बंद झाली होती. कान तपासून झाले, घसा तपासून झाला, दोष कुठेच नव्हता. आई शाळेत शिक्षिका. वडील दूर रास अल खैरला नोकरीला, सुट्टीपुरते घरी.

मुलगी सोफ्यामागे बसून राही. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीला तिनं कधी दाद दिली नाही. एकदा ड्रायव्हरचा फोन आला. मी म्हटलं, "हां भैया, बस अभी निकलती हूँ."

सोफ्यामागून बारीक आवाज आला, "नक्को जाओ."

चहा घेऊन आलेली आई दारातच थिजली. मी मात्र त्या 'नक्को'वर अडकले. नांदेडला आमच्या शेजारच्या गल्लीत हीच दखनी बोली ऐकत मी वाढले होते.

मग सगळं कळलं. मुलीला तान्ही असल्यापासून हैदराबादच्या एका बाईनं सांभाळलं होतं. मुलगी तिला आपा म्हणायची. मुलगी शाळेत असताना आपाला कायमचं परत पाठवायला विमानतळावर पोचवलं गेलं. "रडेल म्हणून सांगितलं नाही," आई म्हणाली.

पुढं मुलगी माझ्याशी बोलू लागली. आपा पराठे कसे करायची, आपाच्या घरी बकरी कशी होती. ती बोले, मी आईला अरबीत सांगे. एकदा आई म्हणाली, "जन्म मी दिला, आणि तिचं बोलणं मला तुमच्याकडून कळतंय." तरी ती दर भेटीत आमच्याजवळ येऊन बसायची. एके दिवशी मुलीनं तिच्याकडे अरबीत पाणी मागितलं, तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्याच सुमारास आमच्या विभागातल्या जागा सौदी नर्सना द्यायचं ठरलं. माझा करार वाढला नाही. माझ्या जागी आलेली नर्स कतीफचीच, हुशार, मायाळू. तिचा राग करावा असं काहीच नव्हतं.

शेवटच्या भेटीला तीही सोबत होती. आईनं मला दारातच अडवलं. "तिला सांगू नका. पुन्हा बंद होईल."

"न सांगितल्यामुळेच झालं ना हे?" मी म्हणाले.

मी मुलीला जवळ घेऊन सांगितलं, की मी माझ्या देशात परत जातेय. तिनं ऐकून घेतलं. "आपा के मुलुक को जारे?"

"हौ."

"मेरेकू बी लेको चलो."

तिला सोबत न्यायला मी नाही म्हटलं. तिनं माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आई खाली तिच्याशेजारी बसली. नवी नर्स माझ्याकडे पाहत राहिली, तिला काय बोलणं झालं ते समजलं नव्हतं. तेही मलाच सांगावं लागलं. मग अबाया घालून मी निघाले.

मी नांदेडला परतले. काही महिन्यांनी त्या नर्सचा फोन आला. मुलगी शाळेत जाते, आईशी अरबी बोलते.

"आणि आपाची बोली?"

"एक शब्द नाही. आपाचा विषय काढला, तुमचा काढला, की उठून जाते. पण बोलते, हे चांगलंच ना?"

"चांगलंच," मी म्हणाले. ते खरंही होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.