अर्जात मी लिहिलेला ‘व्हिलन’

साठ साल उजाडायच्या आधी आम्ही कानडी मुलखात, राजाजीनगरातल्या नव्या घरात राहायला आलो. लेआउट पडण्याआधी तिथं शेतं होती. आमच्या परसातली विहीर आणि तिच्या कडेचं फणसाचं झाड, एवढंच त्या शेतांपैकी उरलं होतं.

रोज सकाळी एक म्हातारा मागच्या बाजूनं आत यायचा, विहिरीचं पाणी काढून फणसाला घालायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. ती जमीन त्याची होती. सरकारनं घेतली होती, हे आम्हाला माहीत होतं. आई म्हणायची, “येऊ दे. झाडाला पाणी घालतो, आपलं काय नेतो?”

पुढं आम्ही कंपाउंडची भिंत घातली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं मागचे चार दगड काढून वाट केली आणि पाणी घालून गेला. शेजारी भडकले. “आज दगड काढले, उद्या जागेवर हक्क सांगेल. पोलिसांत अर्ज द्या.” वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ते पटलं नव्हतं, पण नव्या वस्तीत सगळ्यांशी वाकडं कशाला, म्हणून ते तयार झाले.

अर्ज इंग्रजीत हवा होता. मी चौदा वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये जाणारी, वर्गात इंग्रजीत पहिली. अर्ज मी लिहिला. म्हाताऱ्याला मी ‘व्हिलन’ म्हटलं. गोष्टींत वाचलेला हा शब्द कुठं तरी वापरायची मला घाई झाली होती.

अण्णा वाचताना थांबले. “हा शब्द स्वल्प जड होत नाही?”

“असंच लिहितात अण्णा,” मी म्हणाले. त्यांनी सही केली.

पोलिसांनी म्हाताऱ्याला नेऊन संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. त्यानंतर तो आलाच नाही.

महिन्याभरानं वर्गात धड्यात तोच शब्द आला. आमच्या मिस म्हणाल्या, “हा शब्द मुळात वाईट नव्हता. जुन्या काळी जमीनदाराच्या शेतवाडीला व्हिला म्हणत. तिथं राबणारा तो व्हिलन. मालक लोक त्यांच्याबद्दल इतक्या तुच्छतेनं बोलत, की बोलता बोलता शब्दाचा अर्थच दुष्ट असा झाला. राबणाऱ्यांनी काही केलं नव्हतं.”

मुली वहीत उतरवून घेत होत्या. मला पेन उचलता येईना.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “रविवारी जाऊ. चूक दोघांची आहे.”

म्हातारा हेब्बाळला लेकीकडे गेल्याचं कळलं होतं. विचारत विचारत घर सापडलं. तो अंगणात दोर वळत बसला होता. अण्णांनी हात जोडले, अर्ज मुलीनं लिहिला आणि सही मी केली असं सांगितलं आणि कानडीत सरळ माफी मागितली. त्यानं लेकीला ताक आणायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “अर्ज तू लिहिलास म्हणे. काय लिहिलं होतंस? ठाण्यात कुणी वाचून दाखवलं नाही मला.”

खोटं बोलावंसं वाटलं. पण अण्णा माझ्याकडेच बघत होते.

“तुम्ही दुष्ट आहात, असं लिहिलं,” मी म्हणाले. “पण त्या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे. दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा माणूस.”

त्यानं दोर मांडीवर ठेवला.

“दुसऱ्याच्या?” तो म्हणाला. “ती विहीर माझ्या बापानं खणली.”

मला रडू फुटलं. त्यानं समजूत घातली नाही, की रागावलाही नाही. ताक आलं, ते आम्ही प्यालो. निघताना अण्णा म्हणाले, “पूर्वीसारखे येत जा. मागं दार करून देतो.” तो उठून आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला, पण ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, असं काही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ठाण्यात जाऊन तक्रार मागं घेतली. मागं घेण्याचा तो अर्ज त्यांनी स्वतः, कानडीत लिहिला. म्हातारा त्यानंतर कधीच आमच्याकडे आला नाही.