रिलीव्हर आल्याशिवाय

गजूकाका आज सकाळी गेले.

रिसालीतल्या त्यांच्या घरी कॉम्प्युटर अजून चालू आहे. तो कुणी बंद करू नका, असं शेजारच्यांना सांगून आलो आहे.

काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. रोलिंग मिलमध्ये ऑपरेटर होते. काकू गेल्यावर एकटेच राहायचे. मुलगी पल्लवीताई पुण्याला.

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज चालेना, म्हणून मी लिनक्स टाकून दिलं. हुडको कॉलनीतल्या दुकानात मी हेच काम करतो. डिप्लोमा अर्धवट सुटला, जे येतं ते व्हिडिओ बघून.

मग काका म्हणाले, "बाबू, असं काही कर, का पल्लवी पुण्यात बसून माह्या कॉम्प्युटरवर आली पाहिजे."

काकूंचे जुने फोटो त्यांनी स्कॅन केले होते. ते लेकीसोबत बघायचे होते.

"व्हॉट्सॲपवर पाठवा ना, काका."

"मोबाईलवर सरसर सरकवते ते. इथं येऊन बसन तं थांबन जराशी."

मी रिमोट डेस्कटॉप लावून दिलं. मशीन झोपू नये म्हणून स्लीप बंद केलं. दुकानातून जोडून पाहिलं, माझ्या घरून परत पाहिलं. माझा स्वभावच तसा.

मला येत होती त्या पद्धतीत एकच अडचण होती. एका नावाने एका वेळी एकालाच बसता येतं. काका समोर लॉगइन असले, की ताईला तिकडे नुसती काळी स्क्रीन.

"काका, तुम्ही आधी लॉगआऊट करा. मग ती येईल."

"कावून? रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडत नसते. पूरी जिंदगी नाही सोडली."

प्लांटमधला नियमच तो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

कधी माझ्या सांगण्यावरून लॉगआऊट करायचे. पण ताईचं नेट जुळेपर्यंत त्यांना धीर निघत नसे. पासवर्ड टाकून पुन्हा आत.

"काका, काय करून राहिले?"

"आली काय, पाहून राहिलो."

लगेच ताईचा फोन. "परत काळं रे. उठव ना बाबांना."

"काळं आहे म्हणजे बसलेत. ठीक आहेत."

ती हसायची. पुढे पुढे ऑफिसमधून, बाबा बसलेत ना, तेवढ्यासाठीच कनेक्ट करून बघायची.

काल दुपारी काकांच्या छातीत दुखायला लागलं. ऑटोत बसवताना त्यांनी माझा हात धरला.

"मशीन बंद नको करू बाबू. लॉगआऊट कर फक्त. पोरगी येईन."

मी धावत आत जाऊन लॉगआऊट केलं.

आज सकाळी हॉस्पिटलमधून ताईला मीच फोन लावला. काल रात्री कळवलं होतं, ती पुण्याच्या एअरपोर्टवर पोचून लॅपटॉप उघडून बसलेली.

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "स्क्रीन उघडली रे."

मग पुढे म्हणाली,

"डेस्कटॉपवर आईचा फोटो लावलाय. बाबा नाहीत ना खुर्चीवर?"

मला "नाही" एवढंच म्हणता आलं.

विमानात बसेपर्यंत ती एकेक फोटो उघडत होती. एका फोटोवर थांबली. विचारलं, "हा कुठला रे?"

मला कुठून माहीत असणार.

काका, रिलीव्हर आली.

निघा आता.