श्वासनळीत विरघळलेली गोळी

रक्तवाढीच्या गोळ्यांची बाटली उघडली की गंजासारखा वास येतो आणि मला भोपाळच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. आई तिथेच, भोपाळमधल्या पिपलानी भागात दादाकडे राहायची. फोनवर तिचा खोकला ऐकून मी काळजीने विचारलं की दादा म्हणायचा, "हवा बदललीय, दुसरं काही नाही." शेवटी मीच नागपूरहून गेले आणि तिला दवाखान्यात नेलं. घशातून दुर्बिणीची नळी घालून तपासल्यावर कळलं, रक्तवाढीची लोहाची गोळी श्वासनळीत अडकून विरघळली होती आणि आतून सगळं भाजलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, गोली कब अटकी थी?" आई सोबत आलेल्या दादाकडे बोट दाखवत घोगऱ्या आवाजात मला म्हणाली, "ठसका लागला त्याच दिवशी ह्याला सांगितलं होतं. म्हणाला, तिला कळवू नकोस, उगाच येऊन तमाशा करेल." मी दादाकडे वळले. "आणि मला तू हवेचं सांगत राहिलास?" आई वाचली, पण श्वासनळी तिथे आकसली. दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागते. दादाला मी अजून राखी पाठवते. फक्त तो फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाला की मी आईला फोन द्यायला सांगते आणि तिचा श्वास स्वतः ऐकते.