असलात तर ओरडा

खोलीतून बाहेर पडताना ताई दिवा बंद करायच्याच. आत कोणी बसलं आहे का, हे बघायची पद्धत नव्हती. खट् आवाज यायचा आणि मागोमाग त्यांचा, "कोण असलात तर ओरडा." आपण ओरडलो की त्या परत यायच्या, दिवा लावायच्या आणि चूक आपलीच असल्यासारखं विचारायच्या, "जेवलास का?"

साकीनाक्याच्या आमच्या कंपनीत त्या एचआर होत्या. तुमच्याही ऑफिसात एचआरची एखादी बाई असेल, गोड हसून नियम सांगणारी. ताईंना ते हसू कधी जमलं नाही. पाठकोऱ्या कागदांवर रजेचे अर्ज घे, सगळ्यांना घरून स्टीलचे पेले आणायला लाव, असलं त्या पर्यावरणाचं नावही न घेता करत आल्या होत्या. घाटकोपर स्टेशनहून स्टाफची बसही त्यांनीच मालकांच्या मागे लागून सुरू करवली. पॅकिंगच्या बायका त्या बसने संध्याकाळी सुखरूप स्टेशनला पोचायच्या.

मग कंपनीला पर्यावरणाचा उमाळा आला. लॉबीत हिरवळ आली, प्लॅस्टिकची. आणि बस बंद झाली. का, तर ती डिझेल पिते. साहेबांच्या गाड्या बहुधा गंगाजलावर चालत असाव्यात.

"आता बायका रिक्षा करणार. रिक्षाचा धूर काय अत्तराचा असतो?" ताईंनी साहेबांना तोंडावर विचारलं.

"तो वाद सोडा हो ताई. पर्यावरण दिनाला पाहुणे येतायत. तुम्ही फक्त माइकवर सांगा, बस बंद करायची मागणी स्टाफचीच होती म्हणून."

"माका शिकवू नको," ताई पुटपुटल्या. मालवणी आली की आम्ही समजून जायचो, ताई आता ऐकायच्या नाहीत.

पर्यावरण दिनाला त्या माइकपाशी गेल्या. "बस बंद करा असं तुम्हीच म्हणालात, हे सांगायला मला उभं केलंय. कोण म्हणालं असेल तर ओरडा."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. पॅकिंगच्या बायका ताठ बसून राहिल्या.

"ऐकलंत ना, साहेब?" असं म्हणून ताई खाली उतरल्या.

महिनाभरात त्यांची जागाच रद्द झाली. आता रजा मोबाइलवर मागायची, म्हणजे कागद वाचतो. माणसाला काढायचं आणि त्याला कागदाची बचत म्हणायचं, याचा मला अजून संताप येतो. निरोपाला त्यांना तुळशीचं रोप दिलं, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. ताईंनी प्लॅस्टिक सोडवलं, नीट घडी घातली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "हे तुमचं." मग रोप घेऊन त्या रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्या.

बस परत आली नाही. पॅकिंगमधल्या दोघी नोकरी सोडून गेल्या. लॉबीत मात्र 'समाधानी कर्मचारी, हरित कंपनी' अशी पाटी लागली आहे.

दिवे आता आपोआप विझतात. माणूस स्वस्थ बसून काम करायला लागला की यंत्राला खोली रिकामी वाटते. परवा असाच दिवा गेला आणि मी सवयीने ओरडलो, "आहे, आहे." शेवटी हात हलवल्यावर दिवा लागला. जेवलास का, ते कोणी विचारलं नाही.