बाभळीमागची पाळी

फुटबॉलमधलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता. छावणीजवळच्या मैदानावर आमच्या लेकीचा संघ खेळायचा आणि रेषेबाहेर उभे राहून आम्ही बाप मंडळी त्याला हरवायचो. एक ओरडायचा "पुढं जा", दुसरा "मागं ये". पोरी जागच्या जागी गोल फिरायच्या. आमची लेक गोलकीपर. एकदा मी जोशात ओरडलो, "गोल सोड, पुढं पळ!" पोर आज्ञाधारक, पळाली. रिकाम्या जाळीत चेंडू आरामात जाऊन बसला. त्या रात्री माझ्या ताटात नुसतं वरण पडलं.

अशात प्रशिक्षकांना दुसऱ्या गावी नोकरी लागली. मैदान सांभाळणारी मंडळी म्हणाली, "या हंगामात एक तरी सामना जिंका. नाहीतर संध्याकाळची वेळ क्रिकेटच्या पोरांना देऊन टाकू." त्यांच्या जागी मॅनेजर व्हा म्हटल्यावर सगळे बाप एकाएकी कामात बुडाले. तेव्हा आमची ही म्हणाली, "मी बघते."

ही शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर. मी विचारलं, "ऑफसाइड तरी कळतं का तुला?"

"नाय. पण बिघडलेली लाइन लई चांगली कळते."

पहिल्याच दिवशी तिनं बापांना कामं वाटली. कुणी पाण्याचा जार आणायचा, कुणी फक्कीनं रेषा मारायच्या. "आणि अहो, तुम्ही गोलमागं बाभळीत थांबा. चेंडू गेला की आणायचा. काम पायानं करायचं, तोंडानं नाय."

मग पोरींकडं वळली. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला मशीनशेजारी उभं राहून सांगतो, आवाज कुठून येतोय, तापतंय कुठं. कुणामुळं बिघडलं, हे सांगायचं नसतं. हाच नियम तिनं मैदानावर आणला. बाहेर येणारीनं आत जाणारीला समोरच्या संघाचं सांगायचं.

"काकू, हिच्यामुळंच गोल झाला!" एक करवादली.

"मशीनचं सांग बाई, माणसाचं नको."

पोरी खो-खो हसल्या, पण ते वाक्य संघात रुजलं. गोल झाला की भांडणाऱ्या पोरी आता एकमेकींच्या कानाला लागायच्या. आम्ही हरतच होतो, पण थोडक्यात. मग एक सामना बरोबरीत सुटला. तेवढ्यावर आम्ही पेढे वाटले. जिंकणं मात्र शेवटच्या सामन्यापर्यंत राहूनच गेलं.

त्या सामन्यात एक-एक अशी बरोबरी होती. वेळ संपत आली होती आणि आमच्या बचावातल्या पोरीच्या पोटरीत गोळा आला. छावणी बाजारातल्या दुकानदाराची ती लेक. आमच्या गोलशेजारून लंगडत बाहेर येताना ती बदली पोरीला म्हणाली, "वो सात नंबर पैले रुकती, फिर बायें कू मुडती. तू जल्दी नक्को कर." आमच्या लेकीनंही ते ऐकलं.

थोड्याच वेळात सात नंबरची पोर चेंडू घेऊन आली आणि थांबली. "पुढं जा" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात टाचेत काटा घुसला. संघाचं नशीब! बदली पोर हलली नाही. सात नंबर डावीकडं वळली, तिनं जोरात फटका मारला, आणि आमची लेक तिथं आधीच उभी! चेंडू कवटाळून तिनं थेट पुढं भिरकावला. त्यावर झालेला गोल मी बाभळीच्या फांद्यांतून पाहिला. दिसला कमी, डोळे भरले होते ना. शिट्टी वाजली आणि मैदान आमचंच राहिलं.

घरी मी सामन्याचं रसभरीत वर्णन सुरू केलं. हिनं हात वर केला. "ते आम्ही पाहिलंय. तुमच्या पाळीचं सांगा."

मी ताठ उभा राहिलो. "एक चेंडू काट्यानं फुटला. टाच ठणकतीय. घसा एकदम ठीक."

"चेंडू कुणामुळं फुटला, बाबा?" लेकीनं विचारलं.

"ते विचारायचं नसतं," ही म्हणाली आणि सुई घेऊन माझ्या टाचेपाशी बसली.