लाइन गेली तं?

कोणतीही नवी वस्तू दाखवली की मामा आधी तिची किंमत विचारीत नसत आणि कौतुकही करीत नसत. ते तिच्याकडे थोडा वेळ पाहत आणि म्हणत, "लाइन गेली तं?" लाइन म्हणजे वीज, आणि तं म्हणजे तर. आमच्या आदिलाबादकडे ती जाते आणि येते. आम्ही त्याचा फारसा विचार करीत नाही. मामांनी मात्र आयुष्यभर तोच विचार केला. भाचीच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना ते मांडवाच्या मागे जनरेटरपाशी उभे होते. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे, सुमतीचे, धाकटे भाऊ. मुले मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत पाणी उपसण्याच्या पंपांचे काम त्यांच्याकडे होते. जमिनीखाली पाणी सतत झिरपते. पंप थांबला तर ते चढू लागते. त्या नोकरीविषयी ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "खाली माणसं असली का पंप बंद पडला तं, एवढाच इचार कराचा, आन् दुसरा इचार मनात आणाचा नाही." हे वाक्य मला तेव्हा कळले नव्हते.

ते कळण्याची वेळ सुमतीच्या आजारपणाने आणली. तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणे हळूहळू परत आले, पण ती बोलेनाशी झाली. तिची खाट मी बैठकीत आणून ठेवली. समोर भिंत होती. ती दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राही. जेवण दिले की जेवत असे, पाणी दिले की पीत असे. स्वतःहून तिने काहीही मागितले नाही. डॉक्टर म्हणाले, शरीर सुधारेल, पण तिला काही हवेसे वाटले पाहिजे. ते औषध त्यांच्याकडे नव्हते.

रामेश्वरला आम्ही एकदा काचेच्या तळाच्या नावेत बसलो होतो. खाली प्रवाळ होते, त्यात रंगीत मासे होते. नाव किनाऱ्याला लागली तरी सुमती उतरायला तयार नव्हती. ते मला आठवले. मी छंदी माणूस नाही. महसूल खात्यात नोकरी केली, वेळेवर निवृत्त झालो. तरीही त्या भिंतीशी समुद्राच्या पाण्याची मोठी काचपेटी बसवावी आणि तिच्यात प्रवाळ वाढवावेत असे मी ठरवले, पुस्तके आणून वाचली, आणि मामांना फोन केला. पलीकडून प्रश्न आला, "लाइन गेली तं?" दुसऱ्या दिवशी ते बसने आले. पिशवीत एक सदरा आणि दोन पाने होते, पाइप आवळण्याचे.

सामान निवडण्याचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले. हैदराबादचा विक्रेता फोनवर एका मोठ्या पंपाची स्तुती करीत होता. मामांनी फोन हातातून घेतला.

"भाईसाब, लाइन गई तो?"

"अंकल, जाएगी तो आएगी भी."

"तब तक मछली क्या करेगी? सांस रोकेगी?"

मोठा पंप रद्द झाला. त्याच्या जागी दोन लहान पंप आले. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहील, आणि त्यातला एक बॅटरीवर चालेल. पाण्यातला मळ फेसावाटे बाहेर काढणारे यंत्र, उन्हाळ्यासाठी पाणी थंड करणारे, आमच्याकडच्या कडक थंडीसाठी गरम करणारे, प्रत्येकाला त्या एकाच प्रश्नाची परीक्षा द्यावी लागली. मी घाई केली की ते म्हणत, "भाऊजी, ही तुमची कचेरी नोय. पाणी पेशीची तारीख वाढवून देत नाही."

ते सगळ्यांतच बरोबर होते असे नाही. प्लास्टिकच्या व्हॉल्ववर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी बेल्लमपल्लीहून एक जड पितळी व्हॉल्व मागवून घेतला होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. पितळेत तांबे असते आणि तांब्याच्या अंशानेही प्रवाळ मरतात, हे मी वाचले होते. मी तो बसवू दिला नाही.

"देवाले तांब्याचा तांब्या चालते, आन् माशाले नाही?"

"माशाला चालेल कदाचित. प्रवाळाला नाही."

"लय नाजूक सोयरिक जमवली तुमी," ते म्हणाले, आणि व्हॉल्व सदऱ्यात गुंडाळून पिशवीत ठेवला.

नळजोडणीत मात्र त्यांच्यापुढे माझे काही चालले नाही. वरच्या पेटीतून पाणी पाइपाने खालच्या टाकीत उतरते, तिथे स्वच्छ होते, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप थांबला की वरचे काही पाणी उलट खाली येते. ते खालच्या टाकीत मावले नाही तर बैठकीत पसरते. तिथे सुमतीची खाट होती. उलट येणारे पाणी अडवायला झडप मिळते, असे मी सुचवले. "झडपीत एक शिंपला अडकला का बस," ते म्हणाले. त्यांनी वर चढणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडले. पातळी तेवढी उतरली की भोकातून हवा शिरते आणि पाण्याची ओढ तुटते. उतरण्यासाठी दोन पाइप ठेवले. एक वाहता, दुसरा कोरडा. पहिला तुंबला तरच दुसऱ्याने काम करायचे. त्या कोरड्या पाइपावर त्यांचा फार जीव होता. येता-जाता त्याला हात लावून पाहत.

पेटीमागे त्यांनी जागा सोडायला लावली. बैठक अरुंद होईल, अशी तक्रार मी केली. "माणूस शिरला पायजे. जिथं माणूस शिरत नाही, थिथलं काम आपलं नाही," असे म्हणून ते स्वतः त्या फटीत शिरून उभे राहिले आणि पोटाने अंदाज घेऊन म्हणाले, "तुमी तं आरामात जासान, भाऊजी. तुमाले पोट कुठं हाये."

साध्या पाण्याने चाचणी झाली. मामांनी बटण बंद केले आणि खालच्या टाकीसमोर मांडी घालून बसले. पाणी चढले, मंदावले, थांबले. जिथे थांबले तिथे त्यांनी काचेवर काळी रेघ मारली. "याच्या वर आलं का मले फोन करा." नंतर उतरत्या पाइपाचा व्हॉल्व ते जरा-जरा फिरवत राहिले, पाण्याची गुडगुड पूर्ण बंद होईपर्यंत. "बाईले झोप लागली पायजे." थोरल्या बहिणीला ते बाई म्हणत. हातच्या सांध्यांचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवीत नसत. "माह्या हातचा सांधा आजवर गळला नाही," हे वाक्य मी अनेक वेळा ऐकले आहे.

मग मिठाचे पाणी तयार केले, पेटी भरली, दिवा लावला. वाळू नव्हती, दगड नव्हते, नुसते निळसर पाणी. त्या सकाळी सुमती देवघराकडे बोट दाखवून म्हणाली, "पैसा." देवघरात तिच्या आईने दिलेला तांब्याचा भोकाचा पैसा होता. तिला तो जवळ हवा असेल असे समजून मी दिला. तिचे माहेर बेला गावचे. लहानपणी पैनगंगा ओलांडून मावशीकडे जाताना आई हातात पैसा देई. नवे पाणी दिसले की त्यात तो सोडायचा. मामांनी तिची चाकाची खुर्ची पेटीजवळ नेली. तिने डावा हात कष्टाने उचलला, काठावर ठेवला आणि मूठ उघडली. पैसा डोलत तळाशी गेला. तिने तो डावाच हात कपाळाला लावला.

इतक्या महिन्यांत तिने स्वतःच्या इच्छेने केलेली ही पहिली गोष्ट होती. ते तांबे होते. मी तोंड उघडले, तेवढ्यात मामांनी माझा दंड धरला. त्यांनी इतक्या जोराने मला कधी धरले नव्हते.

दुपारच्या चहानंतर ते तिच्या खाटेशी गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "बाई, सांधा गळून राह्यला. माह्याच हातचा हाये. पाणी सारं काढा लागते." तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. "काढ," ती म्हणाली.

त्यांनी पेटी रिकामी केली, धुतली, पुसली. मिठाचे पाणी पुन्हा तयार होऊन ठरेपर्यंत ते आमच्याकडेच राहिले. न गळलेला एक सांधा त्यांनी तिच्यासमोर कापला आणि नवा बसवला. तांब्याचा पैसा त्यांनी मागच्या काचेला बाहेरून चिकटवला, खालच्या कोपऱ्यात. खाटेवरून पाहिले की तो पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा दिसे. मी काहीतरी बोलणार होतो. ते म्हणाले, "तुमी कागदावर लय खरं लेहलं आजवर. आता एक एवढं चालू द्या."

पुढे वाळू आली, दगड आले, मासे आले, शेवटी प्रवाळ आले. सुमती बोलू लागली. पिवळा मासा जेवला का, निळा दिसत नाही, दिवा लवकर लावा, अशी तिची मागणी वाढत गेली. मामा दर आठवड्याला फोन करीत. तब्येत विचारीत नसत. "लाइन गेली होती का?" असे विचारीत, आणि उत्तर ऐकून फोन ठेवीत.

मागच्या हिवाळ्यात ते बेल्लमपल्लीत, स्वतःच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता गेले. आजारपण नव्हते. सुमतीला मी खुर्चीतून गाडीपर्यंत नेले, गाडीतून तिथे नेले. ती तिथे रडली नाही. मीही नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी वावटळ उठली आणि लाइन गेली. मी खालच्या टाकीसमोर जाऊन बसलो. पाणी चढू लागले. काळ्या रेघेपाशी आले आणि थांबले. दोनपैकी एक पंप बॅटरीवर सुरू झाला.

"थांबलं?" सुमतीने खाटेवरून विचारले.

"थांबलं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "माह्या पैशावर धूळ बसली हाये. पुसून द्या."

मी वळून तिच्याकडे पाहिले. "पाण्यातल्या पैशावर धूळ कशी बसेल?"

"पाण्यात नाही थो," ती म्हणाली. "आन् त्याचा सांधाबी गळत नोता. मले तवाच समजलं होतं."

मी फडके घेतले आणि पेटीमागे गेलो. मामांनी तिथे माणूस शिरेल एवढी जागा ठेवली होती.